हातासकट मोजलेली चकती

धाड गावी मावशीकडे निघालेल्या अर्पिताच्या हातून जीपमध्ये तांब्याची एक चकती निसटली, ती थेट शेजारी बसलेल्याच्या मिरचीच्या टोपलीत.

"बटन हाय का हे?" त्यानं उचलून विचारलं.

"अँटेना हाय."

"एवढुशी?"

"एवढुशी करण्यातच दोन वर्षं गेली. पुण्यात शिकून राह्यली मी. जमिनीतली ओल बी कळवते हे, अन् वावर कुठं हाय ते बी."

"मंग माह्या मिरचीत लावा न," तो म्हणाला. भागवत त्याचं नाव.

चाचणीसाठी तिला उभं पीक हवंच होतं. पुढचे पंधरा दिवस भागवत चकती हातात धरून मिरचीत उभा, आणि बांधावर अर्पिता मीटरवरचे आकडे टिपतेय. चकतीचा सूर रेडिओलहरीशी जुळला की मीटरवर उंच रेघ यायची. रोज जुळायचा.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यली? मीटर तिकडं हाय," तो म्हणायचा.

"तू हलतो का, ते पाहते म्हटलं…" असं म्हणत ती खुशाल पाहत राहायची.

निघायच्या दिवशी दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात एसटी आली, आणि ते राहूनच गेलं.

पुण्यात तीच चकती तिनं खांबावर लावली, तर रेघ येईचना. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. आठ दिवस तिनं सगळं उसवून पाहिलं. कामात मन कुठलं लागतंय… डोळे मिटले की मिरचीचं वावर दिसायचं. शेवटी वैतागून तिनं चकती उचलून तळहातावर घेतली, आणि रेघ उभी राहिली.

हात! इतक्या लहान अँटेनाचा सूर माणसाच्या हातानं बदलतो, हे ती स्वतःच कॉलेजातल्या धाकट्या पोरींना शिकवायची. आणि तिनंच पंधरा दिवस त्याच्या हातासकट मोजलं होतं. तिला हसू आलं, मग डोळे भरून आले. तिनं फोन लावला.

"भागवत, माहं सगळं चुकलं. तुह्या हातासकट मोजलं मी. परत मोजा लागते."

"म्हणजे… या बारीले माह्या हाताचं काम नाई?"

"चकतीले नाई. तिले खांब पुरते," अर्पिता म्हणाली. "मले लागते तो हात."

पलीकडून वावरातला वारा ऐकू येत होता.

"लवकर ये मंग," तो म्हणाला. "मिरची उभी हाय अजून… अन् मी बी."