तुमचे मिस्टर आत्ताच घेऊन गेले

"ते मलम ना? अहो, ते तर आत्ताच तुमचे मिस्टर घेऊन गेले!" औषधांच्या दुकानातले काका इतक्या आनंदाने म्हणाले, की क्षणभर मलाही बरं वाटलं.

मग मी म्हटलं, "काका, मला मिस्टर नाहीत."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाहीत? मग ते उंचसे, जपून पाय टाकत येतात ते कोण? तेही दर वेळी हेच मागतात. अख्ख्या भागात हे मलम मागणारी माणसं दोनच... मला वाटलं, एकाच घरातली. तुमच्यासाठी काढून ठेवलेली ट्यूब दिली की मी त्यांना!"

"दुसरी...?"

"एकच आली होती, बाई. तीही कधीची मागवलेली."

मी दुकानाबाहेर धावले. संध्याकाळची कोरडी थंडी होती, हातमोज्यांतूनही तळहात चरचरत होते. तो दिसायच्या आधी मला त्याचा वास आला. आमच्या मलमाला डांबराचा वास येतो, नुकताच रस्ता केल्यासारखा. बसमध्ये मी शेजारी बसले की लोक खिडकी उघडतात. तो वास दुसऱ्या कुणाच्या अंगाला मला कधी आला नव्हता. वासामागे गेले, आणि कोपऱ्यावर तो सापडला.

"थांबा! ती ट्यूब माझी आहे."

तो वळला. खांद्याला वीज कंपनीची पिशवी, हातात मीटरचे आकडे टिपायचं यंत्र. डोळे हसरे, पण दमलेले.

"तुमची? काका म्हणाले, मिसेस सकाळीच विचारून गेल्यात, घेऊन जा. मला वाटलं, काकांचं वय झालं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मलम मिळत होतं हो! त्यांनी तुम्हाला चार मुलं आहेत म्हटलं असतं, तरी मी त्यांच्या शाळा सांगितल्या असत्या."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते मलाच ओळखीचं वाटेना. त्याने माझ्या सुती हातमोज्यांकडे पाहिलं.

"हात?"

"तळहात. तुमचं?"

"तळपाय." त्याने एक पाय किंचित उचलून दाखवला. "म्हणजे दोघांचं मिळून एक धड माणूस होईल की."

तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा. पायांवर चालणारी नोकरी, आणि पायच फुटलेले. माझं त्याच्या उलट. मी रोपांच्या प्रयोगशाळेत काम करते. पानाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने बाटलीत ठेवायचा, म्हणजे त्याचं झाड होतं. त्याआधी जंतू मरावेत म्हणून हात स्पिरिटने पुसावे लागतात. भेगा असलेल्या हातांना स्पिरिट लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रबरी मोज्यांत घाम येऊन भेगा आणखी चिघळतात. आमच्या मॅडम वाईट नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेरीपर्यंत हात बरे झाले तर टेबल तुझं. नाहीतर तुला कार्यालयात पाठवावं लागेल. बाटल्या नासतायत गं." त्या टेबलाशी बसले की माझ्या हातून काहीतरी जगतं. ते गेलं, तर मग ह्या हातांचं करायचं तरी काय?

हे सगळं मी त्याला त्याच कोपऱ्यावर सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

"निम्मं-निम्मं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून झाकणाच्या दोन छोट्या बरण्या आणल्या आणि बसथांब्याच्या बाकावर मलमाचे दोन सारखे भाग केले. तो माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही भाजीही अशीच घेता का? जवळून, डोळे बारीक करून? मी तुम्हाला 'सूक्ष्मदर्शक' म्हणणार."

"मग मी तुम्हाला 'मीटर' म्हणेन. सारखे पळत असता."

"पळत नाही हो, सरपटतो." मग त्याने गंभीर चेहरा केला. "पण ही वाटणी न्याय्य नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय? एका वेळी बोटाच्या शेवटच्या पेराएवढं लावा. माझं पेर बघा केवढं! तुमचं एवढंसं. तुमचं मलम माझ्यापेक्षा जास्त टिकणार. दाखवा बरं बोट..."

त्याने आपलं बोट पुढे केलं. नख स्वच्छ कापलेलं, पेरावर शाईचा डाग. मोजायचं होतं फक्त. पण मी हात झटकन मागे घेतला, पाठीमागेच नेला.

"दुखलं?" त्याने विचारलं.

"नाही."

ते खरं होतं. मोजा काढला असता, तर त्याला दिसलं असतं, एवढंच. आई, डॉक्टर आणि कामाची जागा सोडली, तर तो हात मी कुणाला दाखवलेला नव्हता. आईसुद्धा म्हणायची, "चारचौघांत मोजे काढू नकोस गं, लोक काय, बघून घाबरतात."

त्याने बोट मागे घेतलं. पुन्हा विषय काढला नाही. मला मात्र तो काढावासा वाटत राहिला.

मग आमचा शोध सुरू झाला. मी दुपारच्या सुट्टीत दुकानांना फोन करायची. तो मीटर वाचता वाचता वाटेतलं प्रत्येक दुकान विचारायचा. संध्याकाळी बाकावर आम्ही एकमेकांना नकार सांगायचो.

"एक म्हणाले, वरूनच माल येत नाही."

"माझे म्हणाले, उद्या या. उद्या गेलो, तर म्हणाले, कालच यायला हवं होतं."

"आता काय करायचं?"

"हातापाया पडायचं सगळ्यांच्या. सोय आहे आपल्याकडे. तुम्ही हात, मी पाय."

मी हसायची. पण बरणीचा तळ दिसू लागला होता. आधी दोन वेळा लावायची, मग एकदाच, मग फक्त ज्या भेगेतून रक्त येई तिला. त्याच्या अंगाचा डांबराचा वासही फिका होत चालला होता. बाकावर शेजारी बसून मी हळूच श्वास घ्यायची... आणि काही यायचं नाही. त्याचंही मलम संपलंय, हे तो सांगायच्या आधी मला असं कळलं. लोकांना नको असलेला तो वास गेला, तर मला रडू यावं?

महिना संपत आला होता. त्या संध्याकाळी तो उशिरा आला. फार हळू चालत होता, पण चेहरा उजळलेला. त्याने खिशातून ट्यूब काढून माझ्या ओंजळीत ठेवली.

"पार शेवटच्या वस्तीपलीकडे एक जुनं दुकान आहे. बस जात नाही तिथे. आजोबांनी खणातून शोधून दिली. सगळी तुमची. परवा तुमच्या मॅडम हात बघणार ना?"

मी ट्यूब उलटी केली. दुमडलेल्या टोकावर तारीख ठोकलेली असते, ती वाचली. पुन्हा वाचली. झाकण उघडलं, तर आधी पिवळं तेल आलं, मग खडे.

"मुदत संपलीये," मी म्हटलं. "कधीच."

"थोडंसं... चालणार नाही?"

"फाटलंय हे. उघड्या जखमेवर नाही लावायचं."

"नक्की?"

नक्की नसते तर किती बरं झालं असतं! शिकलेलं विसरता येत नाही. मी झाकण लावलं आणि तेव्हा माझं लक्ष त्याच्या बुटाकडे गेलं. मोज्याची टाच लाल झाली होती.

"तुम्ही चालत गेलात? ह्या पायांनी?"

"जाताना काही वाटलं नाही," तो म्हणाला. "ट्यूब मिळेल असं वाटत होतं ना, तोवर पाय माझे नव्हतेच."

"वेडे आहात का? मी सांगितलं होतं जायला?"

"नाही." त्याने ट्यूब माझ्याकडून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "मला वाटलं, तुमच्यासाठी तरी निदान..."

मी त्याला रिक्षात बसवलं. हात नाही दिला. द्यावासा वाटला, तरीही नाही.

मॅडमनी माझे हात पाहिले. मग माझे मोजे स्वतः उचलून माझ्या हातात दिले. दुपारी मी माझ्या बाटल्या दुसरीला समजावून दिल्या. कुठल्या बाटलीला कोंब आलाय, कुठलीला येणार आहे. ती मान हलवत होती. माझं टेबल पुसून झालं, आणि कार्यालयातली एक खुर्ची मला दाखवण्यात आली. खिडकीला पाठ असलेली.

संध्याकाळी सवयीने पाय काकांच्या दुकानाकडे वळले. मला पाहून काकांनी हातातलं काम ठेवलं.

"बसा बाई. वाईट बातमी आहे. कंपनीने ते मलम बनवायचंच बंद केलं. आता कुठेही शोधू नका, पायपीट करू नका. डॉक्टरांकडून दुसरं लिहून आणा. लागू पडेल, न पडेल... बघायचं."

मी मान हलवली. रडायचं ठरवलं असतं, तर तिथेच रडले असते.

काका खाली वाकून हळूच म्हणाले, "तुमचे मिस्टर पलीकडे कट्ट्यावर बसलेत. मघाशी आले होते. त्यांना सांगायला मला धीरच झाला नाही हो, तोंड बघून. तुम्हीच सांगा त्यांना."

मी म्हणू शकले असते, काका, मला मिस्टर नाहीत.

"सांगते," मी म्हटलं.

तो कट्ट्यावर बसला होता, एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी. माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"टेबल?"

"गेलं."

"मलम?"

"संपलं. कायमचं."

त्याने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मग आता आपल्याला भेटायला कारण उरलं नाही," तो म्हणाला. नेहमीसारखं गमतीने म्हणायला गेला, पण ते गमतीचं झालं नाही.

वारा कोरडा होता. दोघांच्याही अंगाला कसलाच वास येत नव्हता. मी शेजारी बसले. बोटं एकेक करून सोडवत उजव्या हाताचा मोजा काढला. सुताला कातडी चिकटली होती, सुटताना रक्ताचा थेंब आला. दिव्याच्या उजेडात तळहात जसा आहे तसा दिसत होता. मी तो झाकला नाही.

"पेर मोजायचं राहिलं होतं," मी म्हटलं.

त्याने पाहिलं. घाबरला नाही. आपलं बोट माझ्या बोटाला टेकवलं, टोकाला टोक, अगदी हलकेच... भेगांच्या काठावरून चालावं, तसं.

"दुखतंय?"

"हो."

"काढू?"

"नको."

"किती लहान आहे गं तुझं पेर," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझं' म्हणाला, आणि बोट तिथेच राहू दिलं.