सूर्यावरचे डाग आणि पंचायतीचा रेडिओ

"पुसून ठेवली बगा काच, बाई. लई डाग होते."

मुरुम गावच्या शाळेच्या गच्चीवर एक अनोळखी तरुण खांद्यावरच्या पंच्यानं माझ्या दुर्बिणीची काच पुसून मोठ्या अभिमानानं उभा होता. मी कपाळावर हात मारला. बी.एस्सी. होऊन इथं विज्ञान शिकवायला आले तेव्हापासूनचा माझा नेम — रोज सकाळी दहाला सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची आणि तिच्यावरचे डाग पेन्सिलीनं उतरवायचे. नेमकी लावलेली दुर्बीण यानं हलवून ठेवली होती!

"ते डाग काचेवर नाहीत, सूर्यावर आहेत!"

"सूर्यावर? मग पंचा पुरायचा न्हाय."

हसला. दात फार स्वच्छ होते... नोंदण्याजोगी गोष्ट नव्हे ती.

हा भीमाशंकर. पंचायतीचा रेडिओ सांभाळायचा. तो रेडिओ भर दिवसा मध्येच मुका होई आणि गाव म्हणे, यानंच बिघडवला. म्हणून तो गच्चीवर एरियलची उंच तार बांधायला आला होता. मी वैतागून समजावलं — हे १९५८ साल, सूर्य सध्या खवळलेला आहे; मोठ्या डागांपाशी स्फोट होतात आणि रेडिओची शॉर्ट वेव्ह काही वेळ बंद पडते.

चूकच केली. त्यानंतर रेडिओ बंद पडला की हा जिना चढून हजर.

"आज किती, बाई?"

"सत्तेचाळीस. उन्हातून बाजूला व्हा."

"तुमी रागावल्या की आकडा वाढतो काय?"

पेन्सिलीचं टोक मोडलं.

महिन्याअखेर पंचायत बसली. भीमाशंकरला काढायचं, असं सरपंच शिवलिंगप्पांच्या मनात होतं. मग तो सोलापूरला मामाच्या दुकानात जाणार. हे ऐकल्यावर माझी डागांची बेरीज दोनदा चुकली... शेवटी डागांच्या आणि रेडिओच्या नोंदींचा कागद घेऊन मीच पंचायतीत गेले.

"रेडिओ पाच वेळा बंद पडला," मी म्हणाले. "त्यातल्या तीन दिवशी सूर्यावर डागांचे मोठे गट होते. दोन दिवशी एकही मोठा गट नव्हता. त्या दोन दिवसांचा दोष सूर्यावर घालता येणार नाही."

भीमाशंकर डोळ्यांनी विनवत होता. मी मान फिरवली.

शिवलिंगप्पा हसले. "पाचही सूर्यावर ढकलले असते, तर म्या इश्वास ठेवला नसता. ऱ्हाऊ द्या त्याला."

बाहेर येताच मी त्याला गाठलं. "त्या दोन दिवशी काय बिघडलं होतं?"

"काय न्हाय."

"मग?"

तो चपलेकडे बघत राहिला. "बटण म्याच बंद केलं..."

"नोकरी जात होती तुमची! कळतं का काही?"

"कळतं की. पण बाई — वर यायला दुसरं कारण कुठलं?"

रेडिओ बंद पडल्याची महिनाभराची नोंद मातीत! इतका संताप आला की हातातला कागद चुरगळला. पण गाल का तापले, ते कळेना.

"उद्या दहाला या," मी म्हणाले. "रेडिओ चालू ठेवून."