दांडी आत जाते

रकियाच्या दारूला हात लावू नका, उद्या उडायचंय तुम्हाला. चहा घ्या नि ऐका. पटलं तर ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या मेकॅनिकची टकळी म्हणून सोडून द्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. झोर्नित्सा ही शिकाऊ पोरगी; तिला रात्री विमान उडवायच्या परवान्यासाठी एकटीनं पाच वेळा उतरून दाखवायचं होतं. चार वेळा झालं होतं. तिचे शिक्षक दोब्रेव वायरलेस घेऊन धावपट्टीशी उभे होते, शेजारी मी. एवढी एक फेरी मार नि सूप प्यायला ये, असं ते तिला म्हणाले.

डॅन्यूबकडून दमट गारवा येत होता. सात वाजून वीस मिनिटांनी, मैदानाला वळसा घालताना इंजिनाचा जोर ओसरू लागला. इंजिनासाठी हवा नि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरात बर्फ धरला होता. तिनं त्यात गरम हवा सोडणारी दांडी बाहेर ओढली. बर्फ वितळला की त्याचं पाणी इंजिनात जातं, आणि बरं होण्याआधी ते जास्तच खोकतं. तेवढा दम धरायचा असतो. नवखा माणूस नेमका इथंच घाबरतो नि दांडी परत आत ढकलतो, मग बर्फ तसाच राहून इंजिन बंद पडतं.

त्याच्या नऊ वर्षं आधी यासेननं तेच केलं होतं. एकोणीस वर्षांचं पोर, नदीकाठच्या सूर्यफुलांत विमानासकट मेलेलं सापडलं. दोब्रेवांचाच विद्यार्थी. त्याला हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. तेव्हापासून प्रत्येकाला ते दहादा सांगत.

झोर्नित्सानं दम धरला. इंजिन खोकलं.

दांडी आत गेली.

तिनं ढकलली नव्हती. पुन्हा ओढली. पुन्हा आत. हळूच... भ्यालेल्या हातानं ढकलावी तशी. शेजारची सीट रिकामी. सहाशे फूट... पाचशे...

"सर," वायरलेसवर तिचा आवाज आला, "तो दांडी आत ढकलतोय."

कोण, हे दोब्रेवांनी विचारलं नाही. ते वायरलेसवर म्हणाले,

"यासेन... राहू दे, बाळा. खोकू दे त्याला. तुझं काही चुकलं नाही. मी सांगितलंच नव्हतं."

वर तिनं पुन्हा दांडी ओढली... या वेळी ती बाहेरच राहिली. चारशे फूट.

इंजिननं दोन आचके दिले. आणि सुरळीत झालं.

पोरगी उतरली ती थेट दोब्रेवांच्या गळ्यात पडून रडली. मी बॅटरी घेऊन विमानाला फेरी मारली. तिच्या बाजूची काच कोरडी होती. उजवीकडची, रिकाम्या सीटच्या बाजूची, वाफेनं धुरकटलेली. पुसायला बोट फिरवलं, तर काही पुसलं जाईना.

वाफ आतून होती.