काहिलीत गायलेली गाणी

'खरडा' हे आमच्या पंक बँडचं नाव, आणि पहिला अल्बम बिद्रीजवळच्या बंद गुऱ्हाळात रेकॉर्ड करायची अक्कल माझी. मी बेस वाजवते, मिक्सिंगही करते. यशराज गिटारवर, संयोगिता ड्रमवर, गायला प्रसेनजीत. गुऱ्हाळ यशराजच्या मामाचं. हंगाम संपलेला, चुलवाणात थंड राख, भिंतींना करपलेल्या काकवीचा वास. गूळ शिजवायची मोठी काहील गंजू नये म्हणून पालथी घातली होती. आम्ही चौघांनी ती उताणी केली. तिच्यात वाकून प्रसेनजीत ओरडला की असा घुमारा यायचा, स्टुडिओवाल्यांनी झक मारावी.

घरी हेडफोन लावला, तर त्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज. पुरुषाचाच, पण वयस्क, घोगरा. शब्द तेच. आधी मला घुमाराच वाटला. पण घुमारा मागून येतो, हा आवाज किंचित पुढं होता.

प्रसेनजीतचा घसा महिनाभर बसलेला. यानं चोरून कुणाकडून तरी गाऊन घेतलं, अशी माझी खात्रीच झाली. शाळेपासूनचा दोस्त असं करतो, याचा भयंकर राग आला.

"तुझ्यासंगं गातंय कोण?" मी गुऱ्हाळात त्याला धरलंच.

"आईशप्पत दीप्ते, मला म्हाईत न्हाय." तो घाबरला होता. मला ते नाटक वाटलं. "मला बँडमधनं काढायचं आसंल तर सरळ सांग की. गाण्याबिगर माझ्याकडं दुसरं काय हाय?"

मी परीक्षा घेतली. उभ्या उभ्या नवं कडवं रचलं, एकेक ओळ त्याच्या कानात सांगत गेले, तो गात गेला.

रेकॉर्डिंग ऐकलं. मी ओळ सांगायच्या आधीच घोगरा आवाज ती म्हणून मोकळा होत होता.

मला लाज वाटली आणि भीतीही. प्रसेनजीतची माफी मागितली. चौघांनी मिळून काहील पुन्हा पालथी घातली. मग त्याला दारात उभं करून तेच गाणं घेतलं.

या वेळी एकच आवाज होता.

"गेला बघ," मी हसत हेडफोन त्याच्या कानांना लावला.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग माझ्याकडं बघून त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले.

त्याचा आवाज पालथ्या काहिलीखालून आला.

"दीप्ते, ह्यो मी न्हाय."