चौकटीबाहेरची हाक

वकीलीणबाईंकडे सभेला खुर्च्या कमी पडतील म्हणून ती आपल्या घरच्या दोन खुर्च्या उचलून तळमजल्यावर गेली. खुर्च्या ठेवून परत यायचं, एवढाच तिचा बेत होता. पण सभेला खुर्ची पुरवणाऱ्याला त्याच खुर्चीत बसवून घेतात, ही जगाची जुनी रीत आहे.

सभा भरली होती ती एका खारीच्या पिल्लामुळे. बुटुक त्याचं नाव. रोज संध्याकाळी तो टीव्हीवर यायचा आणि इमारतीतली झाडून सगळी मुलं त्याच्यापुढे तोंड उघडं टाकून बसायची. पूर्वी बिघडायचं तर मुलांना वाईट संगत शोधत निदान घराबाहेर तरी जावं लागे. आता ती सोय घरबसल्या झाली होती. तसा बुटुक शिव्या देत नसे, की कुणाला मारत नसे. त्याचा गुन्हा एकच. "बुटुक, ये रे बाळा," अशी आईची हाक आली की तो जागचा हलत नसे. ओ देत नसे. पुन्हा हाक यायची. हा आपला अक्रोड कुरतडत बसलेला. शेवटी आई स्वतः येऊन डोक्यावर हात ठेवायची, तेव्हा कुठे स्वारी उठायची.

आणि आता इमारतीतली मुलंही तेच करू लागली होती.

"घसा फुटेस्तोवर ओरडते मी," सायकलच्या दुकानवाल्याची बायको सांगत होती. "कार्टं ढिम्म हलत नाही. जवळ जाऊन हात लावला की वर बघून म्हणतं, 'हां, तूच आहेस.' मी नाही तर कोण असणार?"

"आमचे हे तर लग्न झाल्यापासून ओ देत नाहीत," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "त्यांनी कुठलं कार्टून पाहिलं होतं कोण जाणे."

सगळे हसले. वकीलीणबाई हसल्या नाहीत. त्या कोर्टाची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण घरातला एकही खटला आजवर हरल्या नव्हत्या. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, गोल गालांचा ठोंब्या, दाराशी बसून चप्पल उलटीसुलटी करत होता.

"आणि तुम्ही तर त्या कामातल्याच," त्या खुर्च्या आणणाऱ्या हिच्याकडे वळल्या. "बुटुकची आई म्हणजे तुम्हीच की. तुम्हीच काहीतरी करा."

ते खरं होतं. परदेशी कार्टून आपल्या भाषेत आणताना त्यात आवाज भरायचं काम ती करायची. इमारतीत तिला सगळे आवाजवाली म्हणत. तिला स्वतःलाही ही सभा पटत होती, कारण जगातल्या मुलांना हाका मारून पोट भरणाऱ्या बाईला घरची मुलगी ओ देत नव्हती. तिची चिमी सहा वर्षांची होती. समोरचा एक दात पडलेला. बोलताना त्या फटीतून बारीक शीळ निघायची. हाक मारली की पाठमोरी बसून राहायची, हात लावला की वळून हसायची. नवरा नोकरीपायी कायम फिरतीवर. घरात या दोघीच, आणि त्यातली एक बहिरी झाल्यासारखी.

"बोलून बघते," आवाजवाली म्हणाली.

तिच्याकडून आवाज भरून घेणारा दिग्दर्शक भांडणाला भिणारा माणूस होता. आईबापांची तक्रार म्हटल्यावर त्याने क्षणात तोड काढली. "बुटुकच्या तोंडी एक 'ओ, आलो!' घालू. हाकेच्या वेळी तो पाठमोराच असतो, ओठ कुठे दिसतायत? आणि तुमच्या हाका पुन्हा घेऊ. जरा गोड करा. जवळून मारल्यासारख्या."

"मूळ भाषेत ती हाक लांबून येते हो, ताई," ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसणारा म्हणाला. "खूप लांबून. मी मुद्दाम ऐकलं."

"लांबून कशाला? आई आहे ती," दिग्दर्शक म्हणाला, आणि विषय संपला.

आवाज भरायची खोली छोटी होती. चारी भिंतींना जाड गाद्या, खाली सतरंजी, आणि वर्षानुवर्षं कोंडलेल्या हवेचा दमट, आंबूस वास. तिथे आवाज फिरून येत नसे. तोंडातून निघाला की गडप. जणू गाद्यांमागे बसलेलं कुणीतरी तो काढून ठेवून घेतंय. पडद्यावर फक्त तिच्या वाक्यापुरता तुकडा यायचा. हाक संपली की पुढचा तुकडा. बाकीचे कलाकार वेगळ्या दिवशी येऊन आपापलं बोलून जात. त्यामुळे एवढी वर्षं हे काम करूनही तिने बुटुकचा एकही भाग सलग पाहिलेला नव्हता. घरी तो लागायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. दिवसभर गिरणीत असलेल्या माणसाने घरी येऊन पुन्हा पीठच कशाला बघावं?

तिने सगळ्या हाका नव्याने मारल्या. गोड. जवळून. घसा सोलून निघेपर्यंत.

गुण लगेच आला. नवे भाग लागले आणि मुलं सुतासारखी सरळ झाली. हाक मारायचा अवकाश, या मजल्यावरून त्या मजल्यावरून "ओ, आलो!" "ओ, आले!" ऐकू येई. सायकलवालीचा मुलगा तर हाक पुरी व्हायच्या आत उठायचा. यशाचे मानकरी पुष्कळ निघाले. बहुतेक सगळं श्रेय वकीलीणबाईंकडे गेलं आणि त्यांनी ते नाकारलं नाही.

आवाजवालीच्या वाट्याला मात्र बसलेला घसा आला. डॉक्टरांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत तोंडाला कुलूप. कुजबुजसुद्धा करायची नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल." नवऱ्याने फोनवरून चिमीकडे निरोप दिला की असा डॉक्टर आपल्याला लग्नाआधीच भेटायला हवा होता. तीही हसली, बिनआवाजाची. आता ती टाळी वाजवून चिमीला बोलवायची.

एका दुपारी ती भांडी विसळत होती. आतल्या खोलीतून चिमीचा आवाज आला, "ओ, आले!" मुलगी पळत बाहेर आली ती थेट घराच्या दारापाशी गेली. तिथे थबकली आणि परत फिरून स्वयंपाकघरात आली.

"कशाला बोलावलंस?"

हिने मान हलवली. नाही बोलावलं.

"बोलावलंस की," चिमी म्हणाली. "तुझाच आवाज होता."

शेजारी टीव्ही लागला असेल, असं तिने मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तेव्हा शेजारच्यांच्या दाराला कुलूप होतं.

त्या संध्याकाळी प्रथमच ती चिमीजवळ बसून बुटुक पाहू लागली. झाडाच्या ढोलीतलं घर. खिडकीत बुटुक. बाहेर रान, काळंभोर. कमरेला फडकं बांधलेली खारीण चुलीपाशी काहीतरी ढवळत उभी होती. ती बुटुकची आई. किती वेळ झाला, तिने तोंड उघडलं नव्हतं. नीट पाहिलं तेव्हा आवाजवालीच्या लक्षात आलं, की तोंड म्हणून तिला नुसती एक रेघ काढली होती. ती उघडण्यासाठी नव्हतीच.

मग हाक आली.

"बुटुक, ये रे बाळा..."

तिचीच हाक. गोड, जवळून. पण ती खिडकीच्या पलीकडून, रानातून आली. आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या त्या मुक्या खारिणीने दचकून खिडकीकडे पाहिलं. हातातली पळी खाली पडली. "ओ, आलो!" हा नवा आवाज वाजला, बुटुक मात्र जागचा हलला नव्हता, कारण चित्रात त्याने कधी ओ दिलीच नव्हती. खारीण धावली, तिने खिडकी लावून घेतली आणि पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. घट्ट. बराच वेळ.

आवाजवाली चिमीकडे सरकली. तिने चिमीचा खांदा हलवला, पडद्याकडे बोट दाखवलं, मग कानाकडे. हाक मारणारी... कोण?

"ती होय?" चिमीने सहज सांगितलं. "ती बाहेरची. तिला आईसारखं बोलता येतं. म्हणून ओ द्यायची नसते. हात लावला तर खरी आई." मग थोडं थांबून म्हणाली, "आता बुटुक देतो ओ. तुम्हीच सगळे म्हणालात ना, द्यायची म्हणून."

आणि वीज गेली.

दिवेलागणीची वेळ होती. खिडकीत राखाडी उजेड उरला होता, तोही बघता बघता विटत चालला. टीव्ही बंद, पंखा बंद. अशा वेळी एरवी इमारतीत एकच कालवा होतो. कुणी मेणबत्ती शोधतं, कुणी वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. आज काही नाही. कानाला दडे बसावेत तशी शांतता.

"ओ, आले," चिमी म्हणाली आणि उठली.

मेणबत्ती शोधायला वळलेली आवाजवाली परत फिरेपर्यंत दार उघडलं होतं. ती धावली. चिमी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली होती, शांतपणे, कुणी बोट धरून नेल्यासारखी. हिने तोंड उघडलं. चिमी! घशातून नुसती हवा निघाली.

जिन्यातून वर वास येत होता. दमट, आंबूस, कोंडलेला. आणि चिमीची पावलं वाजत नव्हती. एरवी त्या जिन्यात चावी पडली तरी गच्चीपर्यंत घुमायची. आज प्रत्येक आवाज गादीत बुडवल्यासारखा विझत होता.

तिने झेप घेऊन मुलीचा दंड धरला. चिमीने वळून पाहिलं. ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं.

"सोडा मला," ती हळूच म्हणाली. "खाली आई बोलावतेय."

सिद्ध करायला आवाजवालीजवळ काही नव्हतं. आवाज तर खाली होता. तिने तळवा उचलला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. घट्ट. चिमी थरथरली. मग आईच्या पोटात तोंड खुपसून रडू लागली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कडी निघाली. "ओ, आलो..." समोरचं दार उघडलं. "ओ, आले..." एक एक करून लहान लहान सावल्या जिन्याकडे येऊ लागल्या. तिने एका हाताने चिमीचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने पायातली चप्पल काढली आणि कठड्यावर हाणायला लागली. आवाज जेमतेम निघत होता. ती हाणत राहिली. सायकलवाली बाहेर आली, मग बाकीचे. ज्याचं त्याने आपलं मूल पकडलं. कुणी थापड मारली, कुणी कवटाळलं. कसं का होईना, हात लागला.

तळमजल्याचं दार मात्र जिन्यापासून दोनच पावलांवर होतं. वकीलीणबाई बाहेर आल्या तेव्हा उंबऱ्याबाहेर ठोंब्याची एक चप्पल पडली होती. उलटी.

पोलिस आले. त्यांनी विहीर पाहिली, नाला पाहिला, भंगारवाल्याला धरून नेलं आणि सोडलं. सगळ्यांना सगळं विचारलं. कार्टूनबद्दल कुणी बोललं नाही. चारचौघांत वेडं ठरायला कुणाची तयारी असते? इमारतीतले टीव्ही मात्र बंद झाले. आयांनी हाका मारणं सोडलं. ज्याला बोलवायचं त्याच्याजवळ चालत जायचं आणि हात लावायचा. त्या इमारतीइतकी शांत इमारत दुसरी नसेल. भाडेकरू यायला उत्सुक असतात, असं म्हणतात.

यथावकाश डॉक्टरांनी कुलूप काढलं. आवाज परत आला होता. तिने कामावर निरोप धाडला, येणार नाही म्हणून. तरी एका संध्याकाळी दार वाजलंच. वकीलीणबाई होत्या. केस विस्कटलेले, हातात ती चप्पल.

"एकदा हाक मारा त्याला," त्या म्हणाल्या.

"नको हो..."

"मी रोज मारते. माझ्या हाकेला येत नाही. तुमच्या हाकेला गेला ना तो? मग तुमच्याच हाकेला येईल."

"ती मी नव्हते, बाई."

"आवाज तर तुमचा होता." त्यांनी हात जोडले. जन्मात कुणापुढे जोडले नसतील. "एकदाच."

नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने चिमीला उचलून कडेवर घेतलं, तळवा तिच्या डोक्यावर दाबून धरला आणि तिघी कठड्यापाशी गेल्या. खाली काळोख होता.

"ठोंब्या," तिने हाक मारली. "ये रे बाळा..."

हाक खाली उतरली आणि विझली. घुमली नाही. वकीलीणबाई कठड्यावरून खाली वाकल्या. हलकेच तो वास वर आला.

मग तळाशी कुणीतरी ओ दिली.

"ओ... आले..."

तो ठोंब्याचा आवाज नव्हता. मुलीचा होता. पडलेल्या दाताच्या फटीतून निघते तशी बारीक शीळ त्यात होती.

वकीलीणबाईंनी मान वळवून चिमीकडे पाहिलं. आवाजवालीनेही पाहिलं. चिमीचे ओठ रेघेसारखे मिटलेले होते. खाली पहिल्या पायरीवर पाऊल पडलं, मग दुसऱ्या. आणि चिमीने काही न बोलता आपला चिमुकला हात उचलून आईच्या तोंडावर ठेवला. घट्ट.