शेवटची अकरा पानं

बिझर्ट शहरातल्या जुन्या बंदरापाशी नाझिहाचं माहेर. आता तिथे तिची धाकटी बहीण राहते. मिरच्या कुटायच्या दिवसांत नाझिहा दरवर्षी आठवडाभर मदतीला यायची, तशी त्याही वर्षी आली होती. दुपारची वेळ होती. वाळवंटाकडून गरम वारा सुटलेला, खिडक्या लावलेल्या, घरभर लाल मिरच्यांचा खकाणा. बहीण बाजारात गेली होती. नाझिहा अंगणात एकटीच देठं काढत बसली होती.

तेवढ्यात भाची रीम खोलीतून बाहेर आली. सोळा वर्षांची पोर, रडून रडून डोळे सुजलेले.

"असलं पुस्तक घरात कशाला ठेवता गं, मावशी?" ती म्हणाली. "जीव जायची वेळ आली माझी."

तिच्या हातातलं निळ्या कव्हरचं पुस्तक पाहून नाझिहा हसली. किती वर्षांनी दिसलं ते! सुहैला नावाच्या आजारी मुलीची गोष्ट. ते वाचून एके काळी बंदरावरच्या साऱ्या पोरी रडल्या होत्या. नाझिहा सोळाची होती तेव्हा रोज दुपारी ते मोठ्याने वाचायची, आणि चुलत बहीण दालेंदा उशीला टेकून ऐकायची. दालेंदाचं हृदय अधू होतं. रीम आत्ता जिथून आली त्याच खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर दालेंदा पडून असे. सुहैला हसली की ही हसायची. सुहैलाला धाप लागली की ही नाझिहाचा हात घट्ट धरायची.

"शेवट काय गोड आहे पण," रीम नाक पुसत म्हणाली. "बोटीतून उतरते तर बाप धक्क्यावर उभा. कानामागे जाईच्या कळ्यांचा गुच्छ. म्हणतो, उशीर केलास, जेवण निवलं."

नाझिहाच्या हातातली मिरची तशीच राहिली.

पुस्तकात तसं काहीच नव्हतं. पुस्तकात सुहैला मरत होती, दवाखान्यात, एकटी. शेवट वाचून दाखवायच्या आदल्या दिवशीच नाझिहाने तो एकटीने वाचून काढला, शेवटची अकरा पानं पात्याने कापली आणि शेगडीत घातली. दुसऱ्या दिवशी कोरी नजर पुस्तकावर लावून तिने तो बाप, तो धक्का, ती जाई आपल्या मनानेच सांगितली होती. दालेंदा आधी रडली, मग खूप हसली. नऊ दिवसांनी ती गेली. त्या शेवटाबद्दल नाझिहा बेचाळीस वर्षांत कुणाजवळ एक अक्षर बोलली नव्हती.

"कुठे वाचलंस हे?"

"हे काय, इथे..." रीमने पुस्तक उघडलं. मागे नुसत्या कापलेल्या कडा. ती बघतच राहिली. "मग मी... थांब. मी डोळे मिटून पडले होते. कुणीतरी वाचून दाखवत होतं. मला वाटलं, तूच."

"मी इथून उठले नाही, रीम."

"आवाज तुझाच होता. जरा कोवळा." रीमचा स्वर खाली आला. "आणि माझ्या पलीकडे दुसरी कुणीतरी होती. ती म्हणाली, किती वर्षं हाच शेवट ऐकवतेस गं... आज खरा सांग. मग वाचणारी गप्पच झाली."

नाझिहाने हात धुतले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"तू शेजाऱ्यांकडे जाऊन बस," ती म्हणाली.

खोलीत अंधूक होतं. मिरच्यांच्या खकाण्यातही औषधाचा तो जुना, गोडसर वास येत होता. नाझिहा पलंगाच्या कडेला, पूर्वी बसायची तिथेच बसली. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त आठवण येत होती.

"रागावू नकोस," ती हळूच म्हणाली. "तुला ते सोसलं नसतं... म्हणून."

मग तिने सांगितलं. दवाखाना, पांढरी चादर, दाराकडे लागलेले डोळे, कुणीही न येणं. शेवटचा श्वास. एकही शब्द न गाळता. सांगताना तिच्या हातावर कुणीतरी हात ठेवला. बर्फासारखा गार, पण पकड ओळखीची.

"...आणि सुहैला मेली," नाझिहा म्हणाली. "संपलं गं. गोष्ट एवढीच आहे."

हातावरची पकड सैल झाली नाही. उलट घट्ट झाली. आणि अगदी कानाशी, गोष्ट ऐकायला बसलेल्या पोरीच्या उत्सुकतेने कुणीतरी विचारलं,

"मग?"