चार रंगांतलं धुकं

पटो न पटो, हे घडलंय. ज्यांच्यासोबत घडलं त्या जहांगीर मास्तरांनीच मान खाली घालून सांगितलंय.

डिसेंबर १९७३. कन्नडचा घाट. सकाळचे सात.

मास्तर उस्मानपुऱ्यात राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या दिवशी धुक्यातला डोंगर तैलरंगात उतरवायचा होता, तोही फक्त चार रंगांत. पांढरा, काळा, पिवळा, गेरू. निळा मुद्दाम घरी ठेवलेला. काळ्यात पांढरा नीट मिसळला, की पिवळ्याशेजारी लांबचा डोंगर आपोआप निळसर दिसतो. गंमत तीच!

ती साधत आली होती, आणि...

पाखरं गप्प झाली.

"मास्तर, जरा येता का?"

पाठीमागून बाईचा आवाज. पावलं वाजली नव्हती.

"सासू घसरली खाली. लई खोल नाय. एक हात लागला तर निघंल."

मास्तरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. धुकं विरत चाललं होतं. आत्ता उठलं, तर चित्र गेलं.

"आलोच. एवढं होऊ दे."

 ती गेली नाही. तिचा श्वास मानेला लागत होता... गार.

शेवटचा हात फिरवून मास्तर वळले.

कुणीच नाही.

दवानं भिजलेल्या गवतावर फक्त त्यांच्याच पावलांची वाट. दरीत डोकावून त्यांनी हाका मारल्या. 

घाटातल्या हॉटेलात चहा देणाऱ्या भागूबाईला त्यांनी हे सांगितलं. तिनं किटली खाली ठेवली.

"सरूबाई ती. दोन वर्सं झाली. सासूला काढायला माणूस शोधत व्हती. कुणी थांबलं नाय. एकटीच उतरली. दोघी बी गेल्या."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. आणि खरं सांगायचं तर... सुटल्यासारखंही वाटलं. "म्हणजे माझ्यामुळं कुणी मेलं नाही!" ते बोलून गेले.

भागूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली.

"पर मास्तर, तवा तर तुमाला ती जित्तीच वाटली ना?"

लाजेनं मास्तरांनी चहा तसाच खाली ठेवला.

चित्र घरी भिंतीवर लागलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "धुकं काय उतरलंय!" मास्तरांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागायचं. बायकोला, सगीराला, त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तोंडच नव्हतं.

महिन्याभरानं सगीरा चित्राची चौकट पुसता पुसता थांबली...

"अजी, कोई औरत बुलारी. जाके देखो ना जरा."

मास्तर तडक उठले. दार उघडलं. गल्ली रिकामी होती.

"बाहर नहीं," सगीरानं चित्राकडं बोट दाखवलं. "इधर से."

मास्तर आता एका हाकेत उठतात. जायचं कुठं, तेवढंच त्यांना कळत नाही.